गंगेवर न्हालेली रायफल

ती धुळवड मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिक शहरात मी पोलीस निरीक्षक होतो. एके-४७ हे नाव तेव्हा शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं, आणि लांब नळीचं काहीही दिसलं की ठाण्यात फोन खणखणायचा. बहुतेक वेळा ते छत्रीचं दांडकं निघायचं.

त्या आठवड्यात मात्र कुणाला चेष्टा सुचत नव्हती. घोटीच्या अलीकडे महामार्गावर ट्रक लुटला होता. गोळी ड्रायव्हरच्या दंडातून आरपार गेलेली. जागेवर गोळीची एकही रिकामी पुंगळी सापडली नव्हती. क्लीनरच्या जबाबात कामाची एकच गोष्ट होती: गोळ्या लागोपाठ सुटल्या, मध्ये खंड नाही. म्हणजे आमच्या थ्री-नॉट-थ्रीसारखी, दर गोळीला बोल्ट ओढावा लागणारी बंदूक ती नव्हती. ग्रामीण पोलिसांनी तसा वायरलेस सगळ्या ठाण्यांना दिला होता.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात. घरातला कुणी लढाईत किंवा बिनलग्नाचा गेला असेल, तर त्याचा चांदीचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून हलगीच्या तालावर नाचवत गोदावरीवर, म्हणजे आमच्या बोलीत गंगेवर नेतात, आंघोळ घालून घरी आणतात. त्या दिवशी मी तिथेच बंदोबस्तावर होतो. घाटावरचा एक फुलवाला आमचा जुना खबऱ्या. त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, त्या म्हातारीच्या माणसांजवळ लाल फडक्यात बंदूक हाय. गर्दीत फडकं सुटलं, म्या डोळ्यांनी पाहिली. मिलिटरीची हाय, साधी नाय."

दोन पंच घेऊन आम्ही त्यांच्या घरी पोचलो. दार म्हातारीच्या मुलाने उघडलं. काही खळखळ न करता त्याने देवघर दाखवलं. टाकाशेजारी रायफल ठेवलेली, हळदकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली. माझे हवालदार पुढे सरसावले, तोच म्हातारी कडाडली, "पायातलं काढा आधी! वीर हाय आमचा!" वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला मी, मुकाट्याने बूट काढून पंचनामा संपेपर्यंत मोज्यांवर उभा राहिलो.

ठाण्यात रायफल टेबलावर ठेवली. खटका दाबाल तेवढ्या वेळा आपोआप पुढची गोळी चढवणारी ती जात, हे मला कळलं. हवालदारांना तर आनंदाचं भरतं आलं. "साहेब, डिटेक्ट झाला गुन्हा!"

मुलगा तिशीचा, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. लुटीच्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि तो घरी होता म्हणे. साक्षीला फक्त आई. वरून फोनवर फोन येत होते: अटक दाखवा. दाखवली असती तर सशस्त्र लूट, खुनाचा प्रयत्न, म्हणजे त्याच्या उमेदीची सगळी वर्षं आत.

"कुणाची ही?"

"काकांची. पासष्टच्या लढाईत समोरच्यांची हाती लागली. रजेवर येताना वळकटीत बांधून आणली. एकाहत्तरच्या लढाईत काका गेले. लग्न झालं नव्हतं."

"चालवलीस कधी?"

"आई धड हात लावू देत नाही साहेब, चालवतो कुठला! गोळी तर मी पाहिलीपण नाही."

असं सगळेच सांगतात. म्हातारी बाहेर बाकावर बसली होती. चहा पाठवला, ती त्याला शिवली नाही. तिला आत बोलावलं.

"मावशी, मुलगा ही बंदूक घेऊन कधी बाहेर पडतो का?"

"दरसाली पडतो की!"

हवालदारांचं पेन धावू लागलं. मुलाने कपाळाला हात लावला.

"कुठं?"

"कुठं म्हंजी? गंगेवर! वीराला आंघोळ घालायची आन् त्याच्या हत्याराला नाय व्हय? चांगली बुडवून काढतो, वाळूनं घासतो, मंग गोडं तेल लावतो."

"आणि आतून?"

"आतून म्हंजी?"

मी खुर्चीतून उठलोच. बंदुकीला पाणी लागलं तर नळी आतून कोरडी करून तेल द्यायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. या मायलेकरांना ते कोण शिकवणार? नळी साफ करायची दोरी मागवली. तिच्या टोकाचं वजन बोटभरही आत जाईना. तारेने टोकरलं तर गंज, वाळू, गुलाल आणि चक्क अक्षता बाहेर आल्या. बोल्ट दोघांनी ओढूनही हलला नाही. हुश्श! मला इतकं मोठ्याने हसू आलं की शेजारच्या खोलीतला ठाणे अंमलदार डोकावून गेला.

तरी माझं हसू पुराव्यात धरत नाहीत. देवळालीहून शस्त्रांचे जाणकार एक मेजर आले. रायफल बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"गॅरंड! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या पायदळाला दिलेली. आठ गोळ्यांची पट्टी एकदम आत जाते, आणि सुटलेल्या गोळीच्या वायूच्या जोरावर पुढची चढते. समोरचे बोल्ट ओढत बसायचे, तोवर यांच्या आठही झाडून व्हायच्या. पुढे ती मदत म्हणून पाकिस्तानात गेली आणि पासष्टला आपल्याच पोरांसमोर आली." मग त्यांनी नळीत डोकावून पाहिलं. "हा गंज वर्षानुवर्षांचा आहे. हिच्यातून गोळी झाडली असती, तर ट्रकवाला नाही, झाडणारा दवाखान्यात असता."

त्यांचा लेखी अहवाल मी वर पाठवला आणि फोन बंद झाले. काही आठवड्यांनी शेजारच्या जिल्ह्यात खरे लुटारू लागोपाठ बार काढणाऱ्या गावठी पिस्तुलांसह सापडले, तेव्हा माझा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला. विनापरवाना हत्याराचा गुन्हा मात्र नोंदवावा लागला. हत्यार पार निकामी आहे हे पाहून न्यायालयाने मुलाला सोडलं, रायफल सरकारजमा केली.

आम्ही पोलीस संशयिताला 'तू काय केलंस' हे शंभरदा विचारतो. तुमच्या घरात काय रीत आहे, हे सहसा विचारत नाही. त्यानंतर मी ते विचारू लागलो, आणि त्याचा उपयोग झाला.

रायफल परत मिळणार नाही, हे म्हातारीला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात मी शब्द जुळवत उभा होतो. तिने मला बोलूच दिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या साहेब तुमच्याकडं. लढाईत गेले तवा भावजींचं तोंडबी पाह्यला मिळालं नाय आम्हाला. आज त्यांनी माझा लेक परत दिला. लय झालं."

मग तिने मुलाचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला घेऊन पायऱ्या उतरली.