आबांच्या फोटोतले दाणे

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत नववीच्या प्रयोगवह्या तपासत होते. फोन प्रशांतचा, त्यांच्या मुलाचा. "ताई, आबा गेले. सकाळचा चहा घेतला, अन् खुर्चीतच…" यावलला बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ. विज्ञान मी कॉलेजात शिकले, पण उजेड म्हणजे काय ते या माणसाकडे. आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. आबांबद्दल नुसतं गोड लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून जसं होतं तसं लिहिते.

त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती कॉलेजच्या फॉर्मला लावायच्या फोटोसाठी. आईवडील पिंपळनेरकडून केळीच्या बागांत कामाला यावलला आलेले, आणि घरात दहावीच्या पुढे जाणारी मी पहिली. हे मी आबांना न विचारताच सांगून टाकलं. ते कॅमेऱ्यामागून म्हणाले, "मग हनुवटी वर कर. कॉलेजात चालली ना, चोरी करायला तर नाही." त्या सुट्टीपासून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसू लागले. 'पोरगी फोटोवाल्याकडे काय करते' असं गल्लीत बोललं जायचं. आबा कोणी विचारलं की सांगायचे, "माह्यापेक्षा जास्त शिकलेली आहे, म्हणून ठेवली."

डिजिटल कॅमेरा तेव्हा त्यांनी नवीनच घेतला होता. सगळं आयुष्य रोलवर गेलेलं. उन्हात शंभरचा रोल, मांडवात चारशेचा, आणि एकदा टाकला की संपेपर्यंत बदलायचा नाही. उजेडाला कॅमेरा किती हपापलेला ठेवायचा, ते आयएसओच्या आकड्यावर ठरतं. पूर्वी तो आकडा रोलबरोबर यायचा, आता तो बटणावर आला होता. आबांनी सकाळी शंभर लावला आणि कुणाचा हात लागू नये म्हणून बटणावर चक्क चिकटपट्टी मारली. त्या दिवशीचं लग्न गोरज मुहूर्ताचं, उघड्यावर. सूर्य खाली गेला, शंभर तसाच राहिला, उजेड पुरेना म्हणून शटर रेंगाळत राहिलं. घोडा, नवरदेव, वाजंत्री, सगळं ओढल्यासारखं पुसट. मुलीचे वडील स्टुडिओत येऊन बसले. "आबा, माह्या पोरीला दोन तोंडं दिसून राहिली यात." आबा म्हणाले, "चूक माही आहे. कॅमेऱ्याची नाही." ते गेल्यावर मी म्हटलं, "आबा, यात प्रत्येक फोटोला नवा रोल टाकता येतो." त्यांनी नखाने पट्टी खरवडून काढली आणि समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना मला म्हणाले, "परत सांग." आपल्याहून लहान बाईमाणसाला असं विचारणारी माणसं मी त्यानंतर फार पाहिली नाहीत.

शिकले आणि आबा माझ्याही पुढे गेले. आयएसओ वाढवला की फोटोत, खास करून काळोख्या जागी, रवा सांडल्यासारखे दाणे उठतात. फोटोवाले त्याला नॉईज म्हणतात आणि त्याला भितात. मीही भ्यायचे. आकडा कमी ठेवून फोटो अंधारा काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर उजळायचा, असं मी करायचे. आबांनी तोच देखावा दोन्ही प्रकारे काढून माझ्यासमोर ठेवला. माझ्या उजळलेल्या फोटोतच दाणे जास्त होते, वर रंगाचे डागही. "उजेड घ्यायचा तर काढतानाच घे," ते म्हणाले. "अन् दाणे आले तर येऊ दे. दाणेवाला माणूस ओळखू येतो, हललेला नाही येत."

आबांची खरी कामगिरी लग्नातली नव्हे. बागांतून दिवसभर राबून परतणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला टेम्पोची वाट पाहत उभ्या असायच्या, दिवस पार बुडालेला असायचा. आबा कितीतरी वर्षं तिथे जाऊन चौसष्टशे आयएसओवर त्यांचे फोटो काढत राहिले. फ्लॅश नाही. तोंडावर फ्लॅश मारला की बाया डोळे मिटतात आणि मागचा रस्ता नाहीसा होतो, म्हणायचे. त्यातले सहा फोटो त्यांनी जळगावच्या एका स्पर्धेला दिले. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की दाणे फार आहेत, मोबाईलवर काढल्यासारखे वाटतात. आबा उठून उभे राहिले. "साहेब, मालकांना सांगून या बायांना चार वाजता सोडवा. मी शंभरवर काढून देतो." बक्षीस मिळालं नाही. येताना बसमध्ये त्यांनी मला शेंगदाणे घेऊन दिले.

त्या सहांपैकी एका फोटोत माझी आई आहे. पदवी मिळाली तेव्हा मी तो कॉम्प्युटरवर दाणे काढून, गुळगुळीत करून, फ्रेम करून तिला दिला. आईने फोटो हातात धरला, हनुवटीशी बोट नेलं आणि म्हणाली, "मन्हं गोंदन कोठे गयं?" गोंदणाचे तीन ठिपके सॉफ्टवेअरने दाणे समजून पुसले होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आबांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "बी.एस्सी. झाली अन् आईचं गोंदण पुसून आली," एवढंच म्हणाले… ते मला अजून लागतं, आणि लागायलाच हवं.

म्हणून गेल्या पंधरवड्यात प्रशांतचा निरोप आला तेव्हा मी धुळ्याहून पहिली बस धरली. आबांच्या आठवणीसाठी ते सहा फोटो मोठे करून स्टुडिओत लावायचं त्याच्या मनात होतं, आणि सगळे त्याने स्वच्छ करून घेतले होते. बायांचे चेहरे मेणाचे झालेले. मी म्हटलं, हे लागणार नाहीत. "ताई, तुला काय, तू धुळ्याला जाशील," तो म्हणाला. "इथे लोक मला विचारतील, तुझ्या बापाला कॅमेरा जमत नव्हता का? त्यांचं नाव खराब होऊ द्यायचं?" त्याचं चुकत नव्हतं, बापाच्या नावासाठीच भांडत होता तो. पण भांडत मीही त्याच नावासाठी होते. "ते भर सभेत जे बोलून आले, ते तू त्यांच्या माघारी मागे घेणार का?" मी विचारलं. तो म्हणाला, "सभेत माणूस रागाने बोलतो." आमचे आवाज चढले, पासपोर्ट फोटोला आलेला एक माणूस तसाच परत गेला.

यावलच्या घरून आईही माझ्यासोबत स्टुडिओत आली होती. तिने काउंटरवरचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ओढले, आबांचा आणि स्वच्छ केलेला. स्वतःकडे तिने पाहिलंच नाही. आबांच्या फोटोत टेम्पोच्या मागे, पार काळोखात, एक बाई डोक्यावर चुंबळ ठेवून उभी होती. इतक्या वर्षांत ती मलाही दिसली नव्हती. "हाई मांगे शांताबाई शे ना," आई म्हणाली. मग दुसऱ्या फोटोत तीच जागा बोटाने चाचपत राहिली. तिथे सपाट काळं होतं. "आठे ती नही शे." शांताबाई यावलच्याच, आमच्या गल्लीतल्या, जाऊन बरीच वर्षं झाली. आई प्रशांतकडे वळली. "भाऊ, तिना दुसरा फोटूच नही शे."

प्रशांत खाली वाकून पाहत राहिला. नंतर त्याने स्वच्छ केलेले सहाही फोटो कॉम्प्युटरवरून काढून टाकले, मी सांगितलं नव्हतं.

आता आबांचे फोटो त्यांच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आहेत, जसे काढले तसे. शांताबाईंची मुलगी येऊन एक प्रत घेऊन गेली. परवा कोणीतरी म्हणालं, मोठे केल्यावर दाणे फार दिसतात. दिसतात. ज्याला दाणेच पाहायचे आहेत त्याने जवळ जावं. ज्याला बाया पाहायच्या आहेत त्याने दोन पावलं मागे सरकावं. भिंत तशीच राहील.