सोजराच्या वाटणीचं वांगं

नागसेन दौंडला रेल्वेत गँगमन होता. दारूला शिवायचा नाही, बायकोवर कधी हात उचलायचा नाही. वस्तीतल्या बाया सोजराला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." नागसेनलाही तसंच वाटायचं.

सत्त्याण्णव सालच्या भादव्यात सोजरा नळावर चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन अवघं पाच. रक्ताची बाटली लावून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काय खाते ही?"

"आमी खातो तेच की," नागसेन म्हणाला.

सोजरा चादरीचं टोक चाचपत राहिली.

तीळ, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी रोज पोटात गेली पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. नागसेन बाजारातून काटेरी वांगी घेऊन घरी आला. सोजराला भरलं वांगं फार आवडतं, अशी त्याची पक्की समजूत होती. दर आठवड्याला करायचीच की ती. त्यात हे सगळं भरू, असं त्यानं ठरवलं.

अकरा वर्षांची गौतमी शेजारी बसून सांगत होती आणि तो करत होता. शेंगदाणे भाजले, तीळ जरा करपलेच. शेवग्याचा पाला बारीक चिरला. लसूण, काळा मसाला, गुळाचा खडा घालून पाट्यावर वाटण केलं. मग तो वांग्यांना देठापर्यंत चिरा द्यायला लागला, तशी गौतमीनं त्याचा हात धरला.

"पप्पा, एवढी कशाला? आई आठच घेती."

"आठच का?"

"तुमाला तीन, आज्जीला एक, मला न् धाकल्या रोहनला दोन-दोन." तिनं बोटांवर मोजून दाखवलं.

"आन् आईला?"

"आई रस्सा खाती. कढई पुसून."

नागसेनच्या हातातलं वांगं विळीवर तसंच राहिलं. बाजेवर त्याची आई, भागुबाई, बसली होती. तो तिच्याकडे वळला. "आये, तुला दिसत न्हवतं का गं?"

"दिसत व्हतं की," म्हातारी म्हणाली. "म्या बी तसंच खाल्लं. तवा कोण इचारत व्हतं?"

त्याला गेल्याच जयंतीचं आठवलं. विहारात उभा राहून बाईच्या बरोबरीच्या हक्कावर तो अर्धा तास बोलला होता, टाळ्या पडल्या होत्या. घरी आल्यावर "अजून एखादं हाय का?" म्हणत त्यानं ताट पुढं केलं होतं. आणि जिना चढताना सोजरा धापा टाकायची, तेव्हा तोच म्हणायचा, "आळस भरलाय अंगात."

त्यानं बाराच्या बारा वांगी भरली.

डब्यात चार घालून तो दवाखान्यात गेला. सोजरानं झाकण काढलं. "तुमी केली? पोरं जेवली का?"

"जेवली. तू खा."

तिनं एक खाल्लं. मग डबा झाकायला लागली. "ही घरी न्या. रोहनला लई आवडत्यात."

"सोजरा, खा गं." त्याचा आवाज चिरकला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली, तशी सोजरा लाजली आणि भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. तो तिच्या पाठीकडे बघत बसला. झंपरातून खांद्याची हाडं वर आली होती. बारा वर्षांच्या संसारात ती त्याला दिसली नव्हती.

"इतकी वर्सं बोलली का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"काय बोलायचं त्यात? पुरत न्हवतं का सगळ्यांना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ती घरी आल्यावर तो तिला सगळ्यांबरोबर पंगतीला बसवायला लागला. सुरुवातीला तीच वैतागायची. "मला न्हाई जात असं समद्यांच्या पुढं," म्हणायची, आणि नजर चुकवून आपल्यातलं अर्धं वांगं रोहनच्या ताटात सारायची. नागसेन ते परत तिच्या ताटात ठेवायचा. असं कितीतरी दिवस चाललं. थंडी सरता सरता हिमोग्लोबिन दहावर आलं. डॉक्टरीणबाई नागसेनला म्हणाल्या, "छान काळजी घेतलीत हं."

त्यानं मान खाली घातली आणि चपला शोधत बाहेर आला.