जिभेखालचं हाड

लाखनीच्या आसपास बैलांच्या शर्यतींचा शंकरपट कुठंही भरो, माईक भैय्यालालच्याच हातात असायचा. धानाची शेती करणारा हा बावन्न वर्षांचा माणूस बोलायला लागला की बैलजोडी सुटायच्या आधीच लोक उठून उभे राहत. कोणत्या गावची जोडी, हाकणारा कोण, गेल्या पटात किती सेकंदांत आली, सगळं त्याला तोंडपाठ.

मागच्या वर्षी मात्र भर फेरीत त्याचा जबडा अडकला. कानाजवळ कट्ट झालं आणि तोंड अर्धवट उघडंच राहिलं. जोडी निशाणापार गेली तरी भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. शेजारी बसलेल्या प्रफुल्ल मास्तरांनी माईक घेतला, आणि भैय्यालाल गालावर हात धरून मंडपातून खाली उतरला.

जबडा घटकाभरानं सुटला, पण दुखणं राहिलं. दुसऱ्या दिवशी चूळ भरताना जीभ फिरली, तर खालच्या दातांच्या आतून दोन्हीकडे दगडासारख्या गाठी लागल्या. जन्मात तंबाखूचा खर्रा खाल्ला नव्हता, तरी मनात एकच शब्द आला. तो त्यानं कोणापाशी काढला नाही. भात मऊ करून मागू लागला आणि पटाची बोलावणी परत पाठवू लागला. त्याची बायको धुरपता हिनं महिनाभर पाहिलं, मग सरळ त्याला भंडाऱ्याच्या बसमध्ये बसवलं.

दातांच्या डॉक्टर रेणू मॅडमनं गाठी बोटानं चाचपल्या, एक्स-रे काढला.

"काका, हे हाडच आहे. हळूहळू वाढलेलं."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही. त्रास देत नाही तोवर काढायचंही काम नाही."

धुरपता नवऱ्याकडे बघतच राहिली. "एवढं मनात घेऊन फिरून राहिले होते तुम्ही? मले काहून नाही सांगितलं?"



मॅडमनं त्याच्या दाढा पाहिल्या. पार घासून सपाट झाल्या होत्या. "झोपेत दात खाता काय, काका?"

"मी? नाही."

"पंचवीस वर्षांपासून," धुरपता म्हणाली. "मले वाटे, घरात जातं फिरून राहिलं."

मॅडम हसल्या. "दात आवळणाऱ्यांच्या तोंडात अशी हाडं बरेचदा दिसतात. त्याच जोरानं कानाजवळचा सांधाही दुखावतो. सगळ्यांचं तसंच असते असं नाही. पण तुमचा सांधा थकला आहे, आणि तो सुधारता येते."

झोपताना दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच मिळालं. गरम कपड्याचा शेक, आणि आरशासमोर जबडा सावकाश उघडायचा व्यायाम. भैय्यालाल धान रोवतानाही स्वतःला बजावायचा: ओठ मिटलेले, दात सुटे. आधी तोंडात जेमतेम दोन बोटं मावत. दिवाळीपर्यंत तीन मावू लागली.

माघात पट भरला. मंडपात प्रफुल्ल मास्तर बसले होते. भैय्यालाल दिसताच त्यांनी उठून माईक पुढे केला. "घ्या भाऊ. माझ्यानं लोकं झोपून राहिले."

पहिली जोडी सुटली आणि भैय्यालालचा आवाज सगळ्या रानभर गेला. बाया पोरांना कडेवर घेऊन पुढे सरकल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यानं जबड्याला आराम दिला, मग पुन्हा सुरू झाला. दिवस मावळेपर्यंत एकशे बारा जोड्या धावल्या. एकीचंही नाव त्याच्या तोंडात अडकलं नाही.

शेवटी विजेत्या जोडीचा मालक गुलाल घेऊन आला. बैलांना लावला, हाकणाऱ्याला लावला, आणि उरलेला भैय्यालालच्या दोन्ही गालांना फासला.