कुठलाही आधी घ्या

"आधी काय घ्यायचं, तेवढं सांगा," असं म्हणत मावशी पदराला हात पुसत दारात उभ्या राहायच्या. घोडेगावातली माझ्या शिकवणीची खोली त्या झाडायच्या. पण आधी फळा की आधी फरशी, हे सांगितल्याशिवाय झाडू हलायचा नाही. सांगितलं की काम चोख. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

चाळिशीला टेकल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावी. एका शाळेच्या प्रयोगशाळेत कायमची जागा निघणार होती. दहावी पास हवी आणि तीही यंदाच. पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. मी छाती फुगवून म्हणालो, "गणित माझ्याकडं लागलं."

दोन बिंदूंवरून रेषेचा चढ काढायचा धडा आला. एका वायमधून दुसरा वाय वजा, एक्सचंही तसंच, मग भागाकार. मावशींनी पेन थांबवलं.

"सर, आधी कंचा बिंदू घ्यायचा?"

मला ज्ञान पाजळायची खोड. "गणितात थोरलं-धाकटं नसतं, मावशी. कुठलाही आधी घ्या, उत्तर तेच."

"आसं कसं व्हईल?"

"लोकशाही आहे."

पोरं हसली, मीही हसलो. वर जो बिंदू आधी घेतला तोच खालीही आधी घ्यायचा, हे सांगायचं त्या हसण्यात राहून गेलं.

गणितात ग्रेस धरूनही त्यांना दोन मार्क कमी पडले. तपासणाऱ्याची जिरवायची म्हणून मी तावातावाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. चढाचं गणित दोनच मार्कांचं. बिंदू एक-पाच आणि तीन-एक. वर एक वजा पाच, खाली एक वजा तीन. उणे दोन यायचे ते अधिक दोन आलेले. शेजारी सुवाच्य अक्षरात टीप: 'कुठलाही आधी घेतला तरी चालतो.'

जागा निघाली होती त्या शाळेत फोन केला. क्लार्क म्हणाला, "फेरपरीक्षेपातुर कोन थांबतंय, राव? मुदत संपली."

मावशींना म्हणालो, "चूक माझी."

"तुमी सांगितलं ते खोटं व्हतं का?"

"खोटं नव्हतं. अर्धं होतं."

"मंग जाऊ द्या. आमाला अर्दं तरी कोन सांगतंय." झेरॉक्स त्यांनी माझ्याच पुढ्यात सरकवली. "पोरान्ला दाखवा. त्यांचं न्हाई चुकायचं."

मावशी आता नारायणगावला टोमॅटो निवडायला जातात. चढाचा धडा आला की मी टेबलाचा खण उघडतो. झेरॉक्स वरच असते. तिच्याखालचा खडू काढतो आणि खण लावून घेतो.