विहीणबाईंना विचारायचं कसं

कपड्यांच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन होतं. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय आणि बोलणंही तसंच टोचणारं, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणत. पोट आत घ्या, ताठ उभे राहा, असे गिऱ्हाइकालाही हुकूम सुटायचे.

पण लेक समुद्रापलीकडे दिलेली. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. फोनवर लेकीचं एकच पालुपद, बरी आहे गं आई. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. खरं काय ते विहीणबाईच सांगणार, आणि त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं.

पॅन्ट आखूड करून घ्यायला येणारे, पूर्वी स्पॅनिश पर्यटकांना फिरवणारे एक निवृत्त गाइड तिला शिकवू लागले. 'ती जेवते का, खरं सांगा' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, ही चौकशी की झडती? 'मे प्रेगुंतो सी' म्हणा. म्हणजे, मनात आपलं सहज येतं, की... आणि मत द्यायचं तर आधी 'किसास' लावा. कदाचित."

"कदाचित कशाला? माझी खात्री आहे."

"खात्री असली की तर हमखास लावायचं."

मशीनवर ती तेच पुटपुटत बसे. एका पॅन्टचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले, पुन्हा उसवले.

शेवटी एका दुपारी तिने फोन लावला. मनात आपलं सहज येतं, ती जेवते का, झोपते का. विहीणबाईंनी नळ सोडल्यासारखं बोलायला सुरुवात केली. प्रश्न घोकून घोकून पाठ झाले होते. उत्तरही येईल, हे तिच्याही आणि गाइडच्याही डोक्यात आलं नव्हतं. लेकीचं नाव तेवढं कळत होतं, आणि ते सारखं येत होतं.

तिला राहवेना. "किसास," ती मध्येच म्हणाली, "किसास यो बोय." कदाचित मी येते.

विहीणबाई एकदम थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "सी." हो. पुढे काहीच नाही.

एवढी बोलणारी बाई एका अक्षरावर आली, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. तिने तसाच लेकीला फोन लावला आणि मी येतेय म्हणून सांगितलं. एरवी लेक म्हणायची, कशाला उगाच.

आज तिने एवढंच विचारलं, "कधी?"