दोन व्हॉल्व्हचा षड्ज

मुंबईत रेडिओ दुरुस्ती शिकून मी मालवणला परतलो आणि बाजारात लहानसं दुकान घातलं. दुसऱ्याच वर्षी, एका दुपारी, आमच्या वाडीतल्या भजनीबुवांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांना सगळे काकी म्हणत. बुवा गात आणि काकी मागे बसून तंबोरा धरत, असं पंचवीसेक वर्षं चाललं होतं. मग संधिवाताने काकींची बोटं सुजली, वाकडी झाली, तार छेडवेना. बुवांनी त्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. गाणंच सोडलं.

"माझी बोटां गेली ती गेली," काकी म्हणाल्या. "पण ह्यांचा गाणा माझ्यापायी जावक नको. रेडिओतसून नुसतो सा काढूक तुका जमात?"

स्टेशन लावताना रेडिओत जी शीळ घुमते, ती एका जागी धरून ठेवता येईल का, असं त्यांना विचारायचं होतं. जमेल, असं मी बोलून गेलो.

भंगारातल्या रेडिओचा एक काचेचा व्हॉल्व्ह, चार-दोन भाग आणि बॅटरी एका खोक्यात बसवून मी तो खोका त्यांच्या पडवीत नेला. बटण फिरवल्यावर सूर लागला. बुवांनी तो डोळे मिटून ऐकला. सूर खरा आहे, पण याच्यावर गाता यायचं नाही, एवढं म्हणून ते पोफळींना पाणी घालायला निघून गेले.

मी खट्टू झालो. काकींनी मला समजावलं. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच सुराच्या असतात, पण त्यांच्यात केसभर फरक राहतो आणि त्या फरकातून लाट उठते. माझ्या खोक्यात एकच तार होती. मी दुसरा व्हॉल्व्ह जोडला आणि दोन्ही सूर मिसळून एकाच स्पीकरमधून सोडले. काकी बटणाशी बसल्या. त्यांना ती लहान खुंटी पकडता येईना, म्हणून सुताराकडून पेल्याएवढी लाकडी मूठ करून लावली. तळव्याने ती फिरवता फिरवता काकी एके ठिकाणी थांबल्या. पडवीत सूर हळूहळू फुगत होता, ओसरत होता. बुवा पाय पुसून आत आले आणि मांडी घालून अभंग गाऊ लागले.

अर्ध्या अभंगात गडबड झाली. व्हॉल्व्ह तापले तसा एक सूर सरकू लागला. मी घाईने उठणार, तोवर काकींनी मुठीवर तळवा ठेवून तो जागेवर आणला. बुवा गातच राहिले. पुढे तसं तीन-चारदा झालं.

निघताना मी ओशाळून म्हणालो की मुंबईहून चांगला भाग मागवतो, मग सूर अजिबात हलणार नाही. बुवा मला कुंपणाच्या बेड्यापर्यंत पोचवायला आले.

"सरकता तो सरकांदे," ते हळू आवाजात म्हणाले. "तिका बसाक जागा व्हयी."

तो भाग मी मागवलाच नाही. पुढची तीन वर्षं फक्त बॅटऱ्या बदलत राहिलो. काकींच्या हातांना उतार पडला नाही. शेवटच्या पावसाळ्यात बुवांनी अंथरूण धरलं, तेव्हाही सकाळी काकी खोका लावत आणि ते पडल्या पडल्या त्या सुरात गुणगुणत.