झाकलेला शब्द

आमची दमणी देवगाव रंगारीची शीव ओलांडून निघाली तेव्हा सकाळ झाली होती आणि आई कपाशीच्या शेतात उभी होती. ती घरी निरोप द्यायला थांबलीच नाही. वाटेवरच्या आमच्या शेतात आधीच जाऊन कामाला लागली होती. गाडी जवळ आली तशी बांधावर आली, माझ्या हातात दशम्यांचं फडकं दिलं आणि म्हणाली, "आत्याला तरास देऊ नको. अन् शाळंत गप बसू नको."

मी बारा वर्षांची होते. गावातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते आणि त्यापुढे गावात शाळा नव्हती. माझी आत्या औरंगाबादला शहागंजच्या मागच्या गल्लीत एकटी राहायची. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. इथं मुलींची शाळा आहे, सुशीलाला पाठवा, असा तिनं निरोप धाडला. माझ्या वडिलांना, आबांना, ते पटलं नव्हतं. पाठवावं म्हणून आई हटून बसली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सहा महिनं बघू. नाय जमलं तर माघारी आणीन. मंग लगीन." आई म्हणाली, "जमंल तिला."

दमणीनंतर घेतलेल्या सर्व्हिस मोटारीतून, म्हणजे बसमधून, औरंगाबादेत उतरले तेव्हा मला वाटलं, अवघड असेल ते शहर. पण गर्दीची सवय आठ दिवसांत झाली. अवघड निघाली ती शाळा. निजामाचं राज्य, सगळे विषय उर्दूतून. त्यावर इंग्रजी वेगळं. मला दोन्ही येत नव्हतं. वर्गाच्या बाई, म्हणजे उस्तानी, चांगल्या होत्या, पण त्यांनी आत्याला स्पष्ट सांगितलं, की उर्दू ऐकून ऐकून येईल, पण सहामाहीला इंग्रजीत पास झाली तर हिला या वर्गात ठेवू, नाहीतर लहान मुलींत बसावं लागेल. लहान मुलींत बसवलेल्या मुलीला आबा दुसऱ्या दिवशी घरी नेणार, हे मला माहीत होतं.

आत्याच्या घराला लागून एक अंगण होतं आणि अंगणापलीकडे हिमरूचं कापड विणणाऱ्यांचं घर. त्यांची मुलगी जुबेदा माझ्याच वर्गात होती. तिचं उर्दू पाण्यासारखं, इंग्रजी माझ्याएवढंच कच्चं. इंग्रजीचं वाचनाचं पुस्तक आम्हा दोघींत एकच. शाळा सुटली की अंगणातल्या चिंचेखाली बसून आम्ही ते पाठ करायचो आणि दुसऱ्या दिवशी विसरायचो.

चिंचोक्यांचा खेळ जुबेदानं काढला. वाक्यातल्या एका शब्दावर चिंचोका ठेवायचा, दुसरीनं झाकलेला शब्द सांगायचा. बरोबर आला तर चिंचोका तिचा, चुकला तर ठेवणारीचा. चार दिवस मजा आली. मग कळलं, की आम्ही दोघी लबाडी करतोय. स्वतःला येतात तेच शब्द झाकतोय. काऊ, डॉग, मँगो. चिंचोके वाढले, इंग्रजी आहे तिथंच.

जुबेदाची आई, जिला मी खाला म्हणायची, तिथंच बसून रिळं भरत असायची. तिला कुठल्याच भाषेत अक्षर वाचता येत नव्हतं. आमचं भांडण ऐकून ती म्हणाली, "लाओ इधर. मैं रखती." आणि तिनं मूठभर चिंचोके पानावर नुसते टाकले. जिथं पडले तिथं पडले.

आमचं खरं इंग्रजी त्या दिवशी सुरू झालं. खालाचे चिंचोके काऊवर आणि मँगोवर पडायचे नाहीत. ते पडायचे इन, ऑन, ॲट, ऑफ, अ, अॅन, द यांच्यावर, म्हणजे आम्ही वाचताना ज्यांच्यावरून उडी मारून जात होतो त्या बारक्या शब्दांवर. त्यांतले शेवटचे तीन तर मराठीत नाहीत, उर्दूत नाहीत. डोकं धरून बसायचो. ऑनेस्टच्या आधी अॅन का, यावर आम्ही दोन दिवस अडलो होतो. शेवटी जुबेदानं तो शब्द मोठ्यानं दहा वेळा म्हटला आणि तिच्या कानाला कळलं, की एच लिहिलाय पण बोलत कुणीच नाही.

एकदा चिंचोका शब्दावर न पडता शब्दाच्या शेवटावर पडला. द काऊ ईट्स ग्रास, यात ईट्सचा फक्त शेवटचा एस झाकला गेला. जुबेदा म्हणाली, ईट. मी चिंचोका उचलला तर खाली एस. मग आम्ही पुस्तकभर तो एस शोधत सुटलो. द काऊ ईट्स, पण द काऊज ईट. द बॉय रन्स, पण द बॉइज रन. दुपार गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एस एकच आहे. गायी अनेक असल्या की तो गायीला लागतो, एक असली की खाण्याला. दोघांना मिळत नाही. ते खालाला सांगितलं तर ती रिळावरची नजर न काढता म्हणाली, "हौ, एक दुपट्टा, दो बहनाँ."

सहामाहीच्या सुमाराला शाळा तपासायला हैदराबादहून एक बाई आल्या. आमच्या वर्गात त्यांनी स्वतः फळ्यावर वाक्य लिहिलं आणि एक जागा मोकळी सोडली. द, मग रेघ, मग वर्क्स इन द फील्ड. पाटीवर शब्द लिहून दाखवायचा होता. वाक्य आमच्या पुस्तकातलंच होतं आणि तिथं फार्मर होतं, हे मला पाठ होतं. पण ती रेघ बघितली आणि मला बांधावर उभी असलेली आई दिसली. मी मदर लिहिलं.

उस्तानींनी पाट्या बघत बघत माझ्यापाशी येऊन म्हटलं, "गलत. किताब में क्या है?"

 वाटलं, झालं, आबा येणार. तेवढ्यात त्या हैदराबादच्या बाई जवळ आल्या, पाटी बघितली आणि विचारलं, "मदर क्यों, बेटी?"

उर्दू तोंडात आलंच नाही. जे आलं ते इंग्रजी. मी म्हणाले, "माय मदर वर्क्स इन द फील्ड. माय फादर वर्क्स इन द फील्ड. बोथ वर्क."

बाईंनी माझी पाटी हातात घेतली. मग उस्तानींकडे वळून म्हणाल्या, की हिनं दोनदा वर्क्स म्हटलं आणि तिसऱ्यांदा वर्क. हे हिला तुम्ही शिकवलंत? उस्तानी प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, अजून शिकवायचं आहे. बाईंनी माझ्या पाटीवर खडूनं बरोबरची खूण केली. जुबेदानं मागून माझी वेणी इतक्या जोरात ओढली, की डोळ्यांत पाणी आलं. ते वेणीमुळंच आलं, असं मी तिला नंतर सांगितलं.

आबा ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनी आले. आत्यानं त्यांना सगळं सांगितलं, पाटीचं आणि मी सहामाहीला पास झाल्याचंही. ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "मी बी तिथंच असतो की शेतात." आत्या हसून हसून बेजार झाली. आबा मला न घेता परतले. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "काय लिवलं व्हतंस म्हणं?" मी म्हणाले, आई. ती म्हणाली, "मंग बरोबरच हाय की," आणि भाकरी उलटली.

पुढे राज्य बदललं, शाळांची भाषा बदलली. जुबेदा लग्न होऊन हैदराबादला गेली. मी औरंगाबादेतच मुलींना इंग्रजी शिकवलं, नोकरी संपेपर्यंत. व्याकरणाची पुस्तकं पुष्कळ आली, पण पहिल्या आठवड्यात मी मुलींच्या पानांवर चिंचोकेच टाकत आले, न बघता, खालासारखे. माझ्या मुली बारक्या शब्दांना कधी घाबरल्या नाहीत, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

देवगावात राहिलेल्या माझ्या भाचरांनो, आणि माझ्यासारख्या निघून दूर गेलेल्यांनो, तुम्ही विचारता, आत्या, तुमचं घर कोणतं? शहागंजात भाजीवाल्यापासून सगळे मला अजून देवगाववाली बाई म्हणतात. देवगावात गेले, की पोरं ओरडत येतात, औरंगाबादच्या आत्या आल्या. तरुणपणी दोन्ही ऐकून वाईट वाटायचं, की कुठलीच माणसं मला आपल्यातली म्हणत नाहीत. आता तसं होत नाही. कुठूनही हाक आली तरी मी ओ देते आणि हातातलं काम ठेवून दारात जाते.